साचेबद्ध असण्यातली अक्कल

मराठीत एखाद्याला नावं ठेवायची असली की 'साचेबद्ध' हा शब्द फार कामाला येतो. साचेबद्ध सिनेमा, साचेबद्ध भाषण, साचेबद्ध कविता. अर्थ काय, तर डोकं न लावता पाडलेलं काम. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही तेच. कुणी जुन्या कोडमध्ये नावं बदलून नवं काम म्हणून दिलं की "टेम्प्लेट मारलंय लेकानं" म्हणून आपण मोकळे.

माझं मत विचाराल तर (आणि नाही विचारलंत तरी शनिवारी मी सांगणारच आहे :) ) ह्या शब्दावर आपण फार अन्याय केलाय. साच्यातून माल एकसारखा निघतो तो साचा बिनडोक असतो म्हणून नाही. कुणीतरी आधीच इतकं डोकं लावून ठेवलेलं असतं, की पुढच्या दहा लाख वेळा ते कुणालाच लावावं लागत नाही.

आणि त्या डोकं लावण्याची एक खास रीत आहे. साच्याचं डिझाईन करणारा माणूस 'वस्तू दिसेल कशी' हा प्रश्न पहिला विचारत नाही. 'आत भरेल कशी' हाही नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, 'भरल्यावर बाहेर कशी येईल?' आजचा लेख ह्या एका प्रश्नाबद्दल आहे.

मी मूळचा खेडचा. रत्नागिरी जिल्ह्यातलं, जगबुडीच्या काठचं खेड. हे दरवेळी सांगावं लागतं, कारण पुण्यात नुसतं खेड म्हटलं की लोक थेट राजगुरुनगरला पोचतात. तर आमच्याकडे गणपतीत उकडीच्या मोदकांवरून दोन पार्ट्या पडतात. एक हातानं मुखऱ्या पाडणाऱ्यांची, दुसरी साचा वापरणाऱ्यांची. पहिल्या पार्टीचा दुसरीवर कायमचा आरोप, की साच्याच्या मोदकात कसब नाही. मुखऱ्या पाडायला कसब लागतं, शंभर टक्के मान्य. पण मग साच्याच्या मोदकातलं कसब गेलं कुठे? ते कुठे गेलं नाही. साचा करणाऱ्यानं ते आधीच वापरून ठेवलंय.

एकदा तो साचा हातात घेऊन नीट बघा. दोन पाळ्या, मध्ये बिजागरी. आतून तुपाचा हात फिरवायचा, पाळ्या मिटायच्या, उकड आत दाबून सगळीकडे सारखी पसरायची, बुडाच्या भोकातून सारण भरायचं, बूड लिंपायचं आणि पाळ्या उघडायच्या. आता मला सांगा, हा साचा उभाच का चिरलेला असतो? एकसंध वाटी केली असती तर बिजागरीची भानगडच नव्हती. कारण असं, की मोदकाचं पोट त्याच्या बुडापेक्षा रुंद असतं. एकसंध वाटीत मोदक तयार होईल झकास, पण बुडाच्या अरुंद तोंडातून बाहेर येताना पोट अडकेल आणि मोदक फाटेल. ह्या अडकण्याला साच्याच्या धंद्यात 'अंडरकट' म्हणतात. पाळ्या मिटतात तिथे मोदकावर बारीक रेघ उमटते, ती 'पार्टिंग लाईन'. त्या रेघेवर उकडीचा पापुद्रा बाहेर आला तर तो 'फ्लॅश'. तुपाचा हात म्हणजे 'रिलीज एजंट'. म्हणजे बघा, अर्धा विषय स्वयंपाकघरातच झाला. कारखान्यात उकडीच्या जागी दोन-अडीचशे अंश सेल्सिअसला वितळलेलं प्लास्टिक येतं आणि हाताच्या दाबाच्या जागी शेकडो टनांचं मशीन, एवढाच फरक.

हे मशीन काही कालपरवाचं नाही. अमेरिकेत हायट बंधूंनी १८७२ साली सेल्युलॉइडसाठी असं पहिलं यंत्र पेटंट केलं. आजच्या मशीनमध्ये प्लास्टिकचे दाणे वरून पडतात, गरम नळीत एक स्क्रू त्यांना फिरवत, वितळवत पुढे आणतो आणि मग जोरात साच्यात ढकलतो. साचा स्टीलचा, दोन भागांचा. एक भाग जागेवर पक्का, दुसरा पुढेमागे सरकणारा. बादली करायची असेल तर बाहेरचा आकार ज्या खड्ड्यात कोरलेला असतो ती 'कॅव्हिटी', आणि आतली पोकळी ज्या उंचवट्यामुळे होते तो 'कोअर'. दोघांमधली फट म्हणजे बादलीची जाडी. प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि कोअरला घट्ट मिठी मारतं. त्यामुळे साचा उघडला की बादली सहसा कोअरबरोबर जाते. डिझायनर हे गृहीत धरून कोअर सरकणाऱ्या बाजूला ठेवतो आणि ढकलायच्या पिनाही तिकडेच बसवतो. टीव्हीच्या रिमोटचं बॅटरीचं झाकण काढून आतून बघा. लहान गोल ठसे दिसले, तर ते ह्या पिनांचे.

माझा आतेभाऊ भोसरीत छोटं टूलरूम चालवतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. मी मधून मधून तिथे जाऊन बसतो, कारण तिथलं काम बघताना आमच्या मीटिंगांमधला थकवा जातो. त्याच्याकडे एखादा उत्साही पोरगा झकास थ्रीडी चित्र घेऊन येतो. वळणं, खाचा, आत वळलेल्या कडा. दादा स्क्रीनवर ते मॉडेल दोनदा फिरवतो आणि म्हणतो, "चित्र चांगलं काढलंयस रे. पण उघडायचा कुठून?" बास, इतकंच. पोरगा गप्प.

ह्या प्रश्नानं वस्तूंचे आकार किती ठरतात ते बघायचं असेल तर लग्नाच्या हॉलमधली पांढरी प्लास्टिकची खुर्ची घ्या. अख्खी खुर्ची एका फटक्यात साच्यातून निघते. तिचे पाय नळीसारखे बंद का नसतात? मागून उघडे, पन्हळीसारखे का असतात? कारण बंद नळीच्या आतला कोअर बाहेर ओढायला वाट नाही. पन्हळ असेल तर साचा सरळ मागे सरकतो आणि पाय मोकळा होतो. शिवाय पन्हळीचा आकार सपाट पट्टीपेक्षा कितीतरी ताठ, म्हणजे कमी प्लास्टिकमध्ये मजबुती. खुर्ची खाली फाकत जाते, म्हणून साच्यातून सुटते आणि म्हणूनच एकावर एक रचताही येते. कॅटररच्या टेम्पोत पन्नास खुर्च्या मावतात त्याचं निम्मं श्रेय ह्या उताराला. खुर्ची उलटी केलीत तर बैठकीच्या खाली मधोमध बहुतेक एक खडबडीत गोल खूण सापडेल. ती 'गेट', म्हणजे प्लास्टिक आत शिरलं तो दरवाजा. तिथून ते चारी पायांकडे आणि पाठीकडे धावलं.

ह्या उताराला 'ड्राफ्ट' म्हणतात. साध्या गुळगुळीत भिंतीला एक-दोन अंश पुरतात. पृष्ठभागावर चामड्यासारखा पोत हवा असेल तर जास्त लागतो, कारण पोत म्हणजे हजारो बारीक अंडरकटच. बाटलीच्या झाकणाची गंमत तर आणखी वेगळी. आतले आटे हा उघड उघड अंडरकट, आणि झाकण दोन पाळ्यांचं करता येत नाही कारण अडचण आतल्या बाजूला आहे. मग एक उपाय म्हणजे कोअरच फिरवून आट्यांतून बाहेर काढायचा, अगदी आपण झाकण उघडतो तसा. दुसरा उपाय म्हणजे आटे उथळ आणि गोलसर ठेवायचे आणि झाकण जरा लवचिक असतानाच ओढून उपटायचं. पहिल्यात साचा महाग, दुसऱ्यात आट्यांवर मर्यादा. फुकट काहीच नाही. युरोपात जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या पेयबाटल्यांचं झाकण बाटलीला जोडलेलंच राहिलं पाहिजे, असा नियम लागू झाला. आपल्याला ती कायद्यातली एक ओळ वाटते. पण झाकणाचा आकार बदलला की साच्यात हात घालावा लागतो, आणि ते काम कुणाला तरी स्टीलमध्ये करावं लागलं.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय हा विषय नुसता कौतुकाचा होईल.

पहिला आकडा आकसण्याचा. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपल्या डब्या-खुर्च्यांचं प्लास्टिक, थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. एबीएस अर्धा टक्का. म्हणजे १०० मिलिमीटरचा डबा हवा तर कॅव्हिटी १०० ची नाही, १०२ च्या आसपास कोरायची. आणि उद्या मालकानं "पॉलिप्रॉपिलीन महाग झालंय, त्याच साच्यात एबीएस मारा" म्हटलं तर डबा मोठा होणार आणि झाकण बसणार नाही. साचा हा वस्तूचा ठसा नसतो. तो एका ठरावीक मालाच्या वागणुकीचा अंदाज असतो.

दुसरा आकडा दाबाचा. ए-फोर कागदाएवढा ट्रे करायचाय समजा. क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. आतल्या प्लास्टिकचा दाब चौरस सेंटिमीटरला ३०० किलो धरला तर साचा उघडू पाहणारा जोर होतो जवळजवळ १८७ टन! एवढ्या जोरानं मशीननं साचा मिटून धरला नाही तर पाळ्यांमधून फ्लॅश आलाच म्हणून समजा. एका ट्रेसाठी.

तिसरा आकडा माझा लाडका, थंड होण्याचा. भिंतीची जाडी दुप्पट केली की थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून नवशिक्या डिझायनरनं "मजबूत करूया" म्हणून जाडी वाढवली की दादा कपाळाला हात लावतो. मजबुतीसाठी जाडी नाही, आतून बरगड्या द्यायच्या. त्याही भिंतीच्या अर्ध्या-पाऊण जाडीच्याच, नाहीतर बाहेरच्या बाजूला खळगा पडतो. मालाच्या एका फेरीतला सगळ्यात जास्त वेळ बहुधा ह्या थंड होण्यातच जातो. म्हणून स्टीलच्या आत पाण्याच्या वाहिन्या कुठून न्यायच्या हे मोठं कोडं असतं. तीस सेकंदांची फेरी सत्तावीसवर आणली तर काय मोठं झालं? दहा लाख नगांवर हिशोब करा. तीस लाख सेकंद, म्हणजे जवळपास पस्तीस दिवस, दिवसरात्र. आम्ही सर्व्हरवर एखादी क्वेरी तीन मिलिसेकंदांनी वेगवान केली तर टीमला पिझ्झा मिळतो. इथे माणसानं एका वाहिनीची जागा बदलून मशीनचा महिना वाचवला, आणि त्याचं नाव कुठेच नसतं.

माल बदलला की सगळे आकडे बदलतात. खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीचं नाव रसायनांसाठी घेतलं जातं आणि तिथला घरडा केमिकल्सचा कारखाना कोकणात सर्वांना माहीत आहे. पण ह्याच कंपनीनं 'पीक' नावाचं अफलातून प्लास्टिकही तयार केलं होतं, गुजरातेत पानोलीला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढे तो पॉलिमरचा व्यवसाय बेल्जियमच्या सोल्वेनं घेतला. पीक वितळतं ३४३ अंशांना, आणि त्याचा 'थंड' साचासुद्धा साधारण १७० ते २०० अंशांवर तापवून ठेवावा लागतो, नाहीतर आतली रचना नीट जमत नाही. उकळत्या पाण्याच्या दुप्पट-पावणेदोनपट गरम, आणि त्याला थंड म्हणायचं!

प्लास्टिक झालं, आता रबर. त्यासाठी खेड स्टेशनात जाऊया. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला, तेव्हापासून आम्हा चाकरमान्यांचं आयुष्य ह्या रुळांना बांधलेलं आहे. प्लॅटफॉर्मवरूनच (खाली उतरू नका!) रुळाच्या बुडाकडे बघा. काँक्रीटचा स्लीपर, त्यावर रूळ, आणि दोघांच्या मध्ये रबराचा चपटा पॅड. रूळ धरून ठेवणारी स्प्रिंगची क्लिप आणि रुळाचा पाया ह्यांच्यामध्ये आणखी एक छोटा तुकडा असतो, त्याला लायनर म्हणतात. जिथे सिग्नलसाठी रुळांतून वीज खेळवलेली असते तिथे हा लायनर काचतंतू घातलेल्या नायलॉनचा वापरतात, म्हणजे वीज स्लीपरकडे जात नाही. अख्ख्या रेल्वेगाडीचं वजन आणि साच्यातून निघालेले हे दोन तुकडे! आपण खिडकीत बसून वडापाव खात असतो, आपल्याला पत्ता नसतो.

रबराच्या पॅडवर खाचा असतात. त्या घसरू नये म्हणून असतील असं वाटतं, पण मुख्य कारण वेगळं आहे. रबर दाबलं तर त्याचं आकारमान कमी होत नाही, ते नुसतं बाजूला पसरतं. पसरायला जागाच दिली नाही तर ते दगडासारखं वागतं. खाचा म्हणजे ती जागा. आणि साच्याच्या दृष्टीनं रबर म्हणजे प्लास्टिकचा उलटा भाऊ. प्लास्टिक गरम असतं आणि साचा थंड. रबराचं मिश्रण जेमतेम कोमट असतं आणि साचा दीडशे ते एकशेऐंशी अंश गरम. प्लास्टिक साच्यात गोठतं, रबर साच्यात शिजतं. गंधकासारख्या पदार्थांनी त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. प्लास्टिकचा उरलेला तुकडा दळून पुन्हा वापरता येतो. शिजलेलं रबर पुन्हा वितळत नाही, जशी भाजलेली भाकरी पुन्हा पीठ होत नाही. शिजण्याआधी रबर इतकं पातळ होतं की केसापेक्षा बारीक फटीतही घुसतं, त्यामुळे फ्लॅश जवळपास ठरलेलाच. हुशार डिझायनर त्याच्याशी भांडत बसत नाही. तो फ्लॅश कुठे यावा हे ठरवतो आणि तिथे मुद्दाम एक चर ठेवतो, म्हणजे तो सहज फाडून काढता येतो. आणि रबराची एक मेहरबानी अशी, की ते ताणून अंडरकटवरून उपटता येतं. प्लास्टिकला जिथे सरकती पाळी लागली असती तिथे रबराला नुसता एक झटका पुरतो.

नायलॉनच्या लायनरचे नखरे आणखी वेगळे. काचतंतू प्रवाहाच्या दिशेनं आडवे होतात, त्यामुळे तुकडा लांबीत कमी आकसतो आणि रुंदीत जास्त, आणि मग वाकतो. काच स्टीलला घासते, म्हणून साचा जास्त कडक स्टीलचा हवा. नायलॉन हवेतला ओलावा पितं, म्हणून साच्यात घालण्याआधी दाणे वाळवायचे. पुढे रुळावर बसल्यावर आमच्या कोकणातल्या पावसात ते पुन्हा ओलावा पिणार आणि किंचित फुगणार, तेही आधी धरायचं. साच्याचं डिझाईन म्हणजे वस्तूचं पुढचं सगळं आयुष्य आधी डोळ्यांसमोर आणणं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. टूलरूममध्ये मला सगळ्यात आवडलेला नियम दादा असा सांगतो: "शंका असेल तिथे लोखंड ठेव. काढता येतं, लावता येत नाही." म्हणजे कॅव्हिटीचं माप नक्की नसेल तर ती जराशी लहान कोरायची. भोक पाडणारी पिन जराशी जाड ठेवायची. पहिल्या ट्रायलला माल काढायचा, मोजायचा, आणि मग पॉइंट एक, पॉइंट दोन करत स्टील काढत मापावर यायचं. उलटं केलंत तर संपलं. वेल्डिंगनं भरता येतं म्हणा, पण पॉलिश केलेल्या भागावर ते ठिगळ मालाच्या प्रत्येक नगावर उमटू शकतं. ह्या सवयीला ते लोक 'स्टील सेफ' म्हणतात.

आमच्याकडे बरोबर उलटी संस्कृती आहे. आधी रिलीज करा, मग पॅच मारा. बहुतेक वेळा ते योग्यच आहे, कारण कोड बदलायला छिन्नी लागत नाही. पण सॉफ्टवेअरमध्येही काही भाग स्टीलचे असतात आणि ते ओळखायची सवयच आपल्याला लागलेली नाही. डेटा कुठल्या रूपात साठवायचा, बाहेरच्यांना कुठला इंटरफेस द्यायचा, ग्राहकाचा ओळख क्रमांक कसा असेल. ह्या गोष्टी एकदा दहा लाख लोकांनी वापरल्या की पॅच मारून बदलत नाहीत.

उदाहरण आपल्याच भाषेचं देतो. युनिकोड रुळायच्या आधी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टांच्या खासगी सांकेतिक लिपीत टाईप होत असे. 'क' च्या जागी पडद्यामागे इंग्रजी अक्षराचा नाहीतर कुठल्यातरी चिन्हाचा क्रमांक, आणि प्रत्येक फॉन्टचं कोष्टक निराळं. स्क्रीनवर सुंदर दिसायचं, छापूनही सुंदर यायचं. खरं तर भारतीय लिपींसाठी आयएससीआयआय हे मानक १९९१ साली झालं होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी दिसण्यावर भागत होतं म्हणून बरीच वर्षं काम तसंच चाललं. मग एक दिवस तो मजकूर वेबवर न्यायचा झाला, शोधायचा झाला, तेव्हा कळलं की तो आत गेलाय पण बाहेर येत नाही. जुने अंक, पुस्तकं, सरकारी कागद, सगळ्यांसाठी फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर लिहीत लोक बसले, आणि जोडाक्षरं फाटतच राहिली. मला विचाराल तर हा शुद्ध अंडरकट आहे. "उघडायचा कुठून?" हा प्रश्न सुरुवातीला कुणी विचारला नाही.

म्हणून माझं मत असं, की प्रत्येक कॉम्प्युटर इंजिनियरनं शिकताना आठवडाभर तरी एखाद्या टूलरूममध्ये काढावा. कोडिंग सुधारेल असं नाही. पण कुठला निर्णय मेणाचा आणि कुठला स्टीलचा, हे बोटांना कळेल.

हे नुसतं तत्त्वज्ञान राहू नये म्हणून घरातली गोष्ट सांगतो. माझा भाचा खेडला असतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. त्यानं परवा फोनवर विचारलं, "मामा, साच्याच्या लाईनला जाऊ की पुण्याला येऊन आयटीचा कोर्स करू?" ताईचं मत अर्थातच आयटी. तिच्यासमोर माझं उदाहरण आहे, फ्लॅट आहे, गाडी आहे. तिला दोष कसा देणार? आमच्या पिढीत कोकणातून बाहेर पडलेल्या कितीतरी पोरांना कीबोर्डनंच वर काढलं.

भाच्याला मी दोन्ही बाजू सांगितल्या, त्या इथेही सांगतो. छोट्या टूलरूममध्ये सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो. काम उभ्यानं, हाताला कूलंटचा वास, आणि ट्रायलच्या आदल्या रात्री घरी जायची गॅरंटी नाही. चीनहून स्वस्तात आणि झटपट साचे येतात, ती स्पर्धा खरी आहे. 'थ्रीडी प्रिंटिंग आलं, आता साचे कशाला' असंही कुणी सांगेल. त्याला माझं उत्तर साधं आहे. एक नमुना हवा तर प्रिंट करा, पण दहा लाख झाकणं प्रिंटरवर काढत बसलात तर नातू म्हातारा होईल. उलट आता धातूची थ्रीडी प्रिंटिंग साच्याच्याच सेवेला लागली आहे. ड्रिलनं कधी करता आल्या नसत्या अशा वळणदार पाण्याच्या वाहिन्या त्यानं करता येतात.

दुसरी बाजू अशी. आयटीत फ्रेशर्सची भरती २०२३ पासून मंदावली आहे आणि साधा, टेम्प्लेटवाला कोड आता एआय लिहून देतं. साच्याच्या कामातही कॉम्प्युटर भरपूर आहे. प्लास्टिक आत कसं वाहील हे आधीच दाखवणारं मोल्डफ्लो ऑस्ट्रेलियात १९७८ साली सुरू झालं. पण सॉफ्टवेअरनं रंगीत चित्र दाखवल्यावर दोन प्रवाह जिथे भेटतात ती कमजोर रेघ, म्हणजे वेल्ड लाईन, हँडलवर येऊ द्यायची की बुडाला सरकवायची, हे माणूस ठरवतो. शिकायची सोयही आहे. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यात डाईज अँड मोल्ड्स अशी वेगळी शाखाही आहे. छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) केंद्र सरकारच्या लघुउद्योग खात्याची इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि सिपेटही आहे. आमच्या तालुक्यात लवेलला २००७ पासून घरडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभं आहे, त्यामुळे इंजिनियर होण्यासाठी कशेडी घाट ओलांडायलाच हवा असंही राहिलेलं नाही. अडचण सोयीची नसून प्रतिष्ठेची आहे. 'मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे' म्हटलं की स्थळं येतात. 'मुलगा साचे करतो' म्हटलं की लोक विचारतात, मोदकाचे का?

मी भाच्याला साच्याकडे जा म्हणून सांगितलं. ताई अजून रुसलेली आहे. निर्णय त्याचा, आणि कुठलाही निर्णय घेतलास तरी उघडायची बाजू आधी बघून ठेव, एवढंच मी त्याला म्हटलं. ड्रॉइंग वाचायला शीक, मेट्रोलॉजी शीक, एक सीएडी पॅकेज पक्कं कर. हे तिन्ही आयटीत परत वळावंसं वाटलं तरी वाया जात नाही. थोडक्यात काय, शंका आहे तिथे लोखंड ठेव.

राहता राहिला आपला तो शब्द. ज्या कामात आकसणं, थंड होणं, चिकटणं, फुगणं, झिजणं हे सगळं आधीच धरलेलं असतं, आणि शेवटी वस्तू न फाटता हातात येते, त्या कामाला आपण बिनडोकपणाचं विशेषण करून ठेवलं. वाईट सिनेमाला वाईट म्हणावं, आळशी भाषणाला आळशी. 'साचेबद्ध' हा शब्द मी तरी आता जपून वापरणार आहे. कुणी माझ्या कोडला तसं म्हटलं, तर आधी थँक यू म्हणेन आणि मग विचारेन, बाहेर यायला कुठे अडकत तर नाही ना?

चला, पुढच्या शनिवारी भेटू.